डोंगराआडची होडी

"अमेरातला होडी? इथं समुद्र कुठाय?" आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न. बरोबरच आहे. मस्कतचा समुद्र डोंगरापलीकडे आणि आमच्या अंगणात मात्र लाकडी ठोकळ्यांवर बसलेली अठ्ठावीस फुटी, फायबरग्लासची शिडाची होडी! इंग्लंडात १९७० च्या दशकात बांधलेली. एक परिचित ओमान सोडून जाताना जवळजवळ फुकटात देऊन गेले. आम्ही दोघं कोकणातले. होड्या जन्मापासून पाहिल्या होत्या, दुरुस्त मात्र एकही केली नव्हती.

सुरुवात नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, केबिनपासून केली. तिथं इंग्रजी व्ही अक्षरासारखा पलंग, भिंतींना रेक्झिन आणि सगळीकडे कुबट वास. दिवाळीला लेक येणार होती. म्हटलं, नवं व्हेनीअर लावू, गाद्या शिवू, झालं! नाहीतरी दोन वर्षांत कायमचं परत जायचंय. गेली सव्वीस वर्षं आमच्या घरातली प्रत्येक वस्तू याच हिशेबानं आली आहे, 'तेवढ्यापुरती'.

केबिन छान सजली. लेकीनं कौतुकही केलं. मग जानेवारीत एका रात्री पाऊस झाला आणि सकाळी नव्या व्हेनीअरवर चहाच्या रंगाचे ओघळ! फळी उचकटली, तर मागचा प्लायवूड भिजलेल्या टोस्टसारखा हातात आला. फायबरग्लास कुजत नाही, पण त्याला चिकटवलेलं लाकूड कुजतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाणी येत होतं डेकवरून, दोर बांधायच्या खुंट्यांच्या बोल्टांशेजारून. आधीच्या मालकांनी त्यावर रेक्झिन लावलं, आम्ही व्हेनीअर. फरक एवढाच!

मग सगळं मुळापासून. खुंटे काढले, बोल्टांची भोकं मोठी करून घट्ट इपॉक्सीनं भरली, ती वाळल्यावर पुन्हा पाडली आणि सीलंट लावून बोल्ट बसवले. पाइपनं तासभर पाणी मारून आत टॉर्च घेऊन बसलो. थेंब नाही, तेव्हाच आतल्या कामाला हात घातला. कुजलेली आडवी भिंत कापताना काचेची धूळ अशी उडाली, की खाजकुइली बरी! मास्क, चष्मा, लांब बाह्या, तरी दोन दिवस खाजवत होतो.

उन्हाळा आला. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी १२.३० ते ३.३० उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते. आमचं काम तर पहाटे सातलाच संपायचं. उन्हात रेझीन डब्यातच तापून दगड होतं. ते थोडं थोडं कालवून पसरट ताटलीत ओतायचं, म्हणजे जरा वेळ मिळतो. एकदा तर मंडळाच्या गणपतीच्या मखरातला उरलेला थर्मोकोल साचा म्हणून वापरला आणि त्यावर पॉलिएस्टर रेझीन ओतलं. पाहता पाहता थर्मोकोल विरघळून गायब! नव्या भिंतीचा नमुना शेवटी पुठ्ठ्यावर कापला, तेव्हा मखराचा अनुभव कामी आला.

कंटाळा आला, की अल बुस्तानच्या चौकातलं 'सोहार' पाहायला जायचो. सूरमध्ये बांधलेलं हे जहाज, खिळ्याविना, काथ्यानं शिवलेलं. टिम सेव्हरिन १९८० च्या नोव्हेंबरमध्ये ते मस्कतहून घेऊन निघाले आणि १९८१ मध्ये चीनला पोचले. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात तसंच शिवून बांधलेलं आपल्या नौदलाचं 'कौंडिण्य' २०२५ च्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतलाच निघालं, तेव्हा आम्हाला घरचंच कुणी येतंय असं वाटलं!

आता भिंत उभी आहे. पलंगाच्या फळीला हवेसाठी भोकं पाडली आहेत, म्हणजे गादीखाली ओल धरणार नाही. पुढच्या मार्चमध्ये आमचा व्हिसा संपेल. होडी भारतात नेणं परवडणारं नाही. ती इथंच कुणाला तरी देऊन जाऊ. "मग एवढं कशाला?" लेक फोनवर म्हणाली. उत्तर काही सुचलं नाही.

पण नांगराच्या साखळीच्या खणाचं झाकण उघडलंत, तर आत मार्करनं लिहिलेलं दिसेल: कोणता बोल्ट कधी सील केला, कोणता पुन्हा पाहायला हवा. पुढच्या माणसाला फळी उचकटावी लागू नये, एवढंच. तोवर मंडळी, अमेरातकडे आलात तर जरूर या. गादी अजून शिवायची आहे, चहा मात्र केबिनमध्येच मिळेल.