मात्रा

'मात्रा' हा शब्द आम्ही वर्गात उच्चारतो तो वृत्तांच्या संदर्भात. लघू अक्षराची एक, गुरू अक्षराच्या दोन. वैद्यकात हाच शब्द औषधाच्या मापासाठी येतो. मादक पेयांचा विचार करताना हा दुसरा अर्थ पुढे येतो आणि विचारतो, माप कोणी ठरवायचे?

कॅनडात गांजायुक्त पेये २०१९ पासून कायदेशीर झाली. एका बाटलीत टीएचसी हे मादक द्रव्य १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा तिथला नियम. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून पेयात मिसळतात. आपल्याकडे भांग दुधाबदामात वाटतात. तिथेही ते द्रव्य स्निग्धांशातच उतरते. तत्त्व एकच. मात्र भांगेच्या पेल्यातील जोर पानावर आणि वाटणाऱ्या हातावर अवलंबून. शिवाय पोटातून गेलेली नशा उशिरा चढते. 'काहीच झाले नाही' म्हणत दुसरा पेला घेणारा फसतो. प्रमाणित घटकांचा उपयोग इथे नाकारता येत नाही.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा प्रश्न मोहाच्या रूपाने उभा राहतो. फुलांच्या हंगामात आमच्या वर्गातील हजेरी विरळ होते. मुले पहाटेच घरच्यांसोबत फुले वेचायला जातात. हे फूल अन्न आहे, रोख पैसा आहे आणि दारूही आहे. वाळलेली फुले भिजवून आंबवली की सडवा होतो, तो भट्टीवर चढतो. पहिली धार कडक, नंतरची सौम्य. मध्य प्रदेशाने अलीकडे हीच दारू 'हेरिटेज' मद्य म्हणून बाटलीत आणली आहे.

प्रमाणभाषेने बोलीचे जे केले तेच लेबल मोहाचे करील, अशी हळहळ साहित्याच्या अभ्यासकाला सहज सुचते. उपमा आकर्षक आहे, पण या भूमीत ती पुरी पडत नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. वैनगंगेच्या एका तीरावर परवाना, दुसऱ्या तीरावर बंदी, अशी आजची स्थिती. बंदीतही चोरटी दारू मिळते, आणि तिच्यात काय किती आहे हे सांगणारे कोणी नसते, हा आक्षेप खराच. तरीही त्या स्त्रियांनी मागितलेली मात्रा शून्य होती, हे विसरून मोहाच्या संस्कृतीवर लिहिता येणार नाही.

'प्रमाण' म्हणजे माप. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन. बाटलीत किती आहे हे पहिल्या प्रमाणाने कळते. ती घरात रिकामी झाल्यावर काय होते, याविषयीचे शब्दप्रमाण त्या घरातील बाईचे. मोहाची प्रमाणित बाटली उद्या इथे आली, तर मिलिग्रॅम मोजणाऱ्यांच्या बैठकीत तिलाही बसवावे लागेल, आणि तिने 'नको' म्हटले तर तेही मापच मानावे लागेल.