साठ डॉलरचं यंत्र आणि लेकीचा प्रश्न

मंडळी, नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ नक्की आठवत असेल. मारिओ, काँट्रा, रोड फायटर! कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, हे शास्त्र आम्हाला कुणीही शिकवलं नव्हतं. आपल्याकडची ती बरीचशी यंत्रं म्हणजे जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, हे फार उशिरा कळलं.

ते खेळ आमच्या दहा वर्षांच्या कन्येला दाखवावेत, असं मनात होतं. टॅबलेटवर दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि पुढे जायचं तर पैसे मोजा! म्हणून साठेक डॉलरना ‘मियू मिनी प्लस’ हे २०२३ साली आलेलं, तळहाताएवढं यंत्र घेतलं. त्यात ‘एम्युलेटर’ असतात, म्हणजे जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम.

महिनाभर दोघांनी परीक्षा घेतली. पडदा साडेतीन इंची, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०. ते बरोबर दुप्पट केलं की उंची नेमकी भरते आणि कडा स्वच्छ दिसतात. गेम बॉय ॲडव्हान्सचं चित्र मात्र २४० बाय १६०. दुप्पट केलं तर चहूबाजूंनी काळी चौकट उरते, ताणलं तर जरा धूसर होतं. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे खेळ चालतात. त्यापुढची अपेक्षा ठेवू नये. स्वयंसेवकांनी बनवलेली ‘ओनियन’ ही फुकट प्रणाली घातली, की मध्येच बंद केलेला खेळ पुन्हा तिथूनच सुरू होतो. “जेवायला चल” म्हटल्यावर “थांब ना, ही लेव्हल संपू दे” ही सबब गेली! उणीव एकच: शेजारी बसून दुसरा रिमोट धरायची सोय नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. विक्रेत्याने दिलेल्या मेमरी कार्डावर हजारो खेळ होते. यादी बघून लेक म्हणाली, “बाबा, हे सगळे आपण विकत घेतले?”

एम्युलेटर बनवणं बेकायदा नाही. २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात इथल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला होता. पण खेळांच्या प्रती विकणं ही वेगळी गोष्ट. आमच्या लहानपणच्या त्या पिवळ्या कॅसेटही बहुधा अशाच होत्या, पण तेव्हा आम्हाला असं विचारायचं सुचलं नाही. शाळेत दुसऱ्याचं उत्तर उतरवू नकोस, असं जिला आपण सांगतो, तिला काय उत्तर देणार?

ते कार्ड काढलं. कपाटातल्या गेम बॉयच्या चार जुन्या कॅसेटच्या प्रती घरीच काढल्या. स्वतःच्या कॅसेटची प्रत काढण्याबद्दल वकिलांतही मतभेद आहेत, हेही तिला सांगितलं. जोडीला २०१७ चा ‘तोबू तोबू गर्ल’ घेतला, जो त्याच्या कर्त्यांनीच सर्वांसाठी खुला केला आहे.

हजारोंच्या यादीत ती दर पाच मिनिटांनी खेळ बदलत होती. आता पाचच खेळ आहेत, आणि त्यांतला एक तिने चिकाटीने संपवला.

तेव्हा यंत्र जरूर घ्या, कार्ड मात्र आपलं आपण भरा. बघायचं असेल तर गणपतीच्या कार्यक्रमात आणतो. पण आधी लेकीची परवानगी घ्यावी लागेल!