बारा थाउंची जागा

मोटारीच्या आवाजाला कंटाळणारी माणसे पुष्कळ भेटतात. पण आवाज थांबला म्हणून धास्तावणारी माणसे थोडीच. आमचे घर त्या थोड्यांपैकी आहे.

आमच्याकडे १९५८ सालची मॉरिस मायनर आहे. अलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेतून उतरलेली ही गोलसर, गरीब चेहऱ्याची गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. १९५६ पासून तिला ९४८ सी.सी.चे इंजिन मिळाले. त्याला वाल्व आठ. प्रत्येक वाल्वच्या डोक्यावर एक रॉकर, आणि त्या दोघांमध्ये फट ठेवायची बारा थाउंची. इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतले बारा!

एवढ्याशा फटीचे एवढे कौतुक कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण लोखंड तापले की वाढते. त्याला वाढायला जागाच ठेवली नाही, तर वाल्व आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. धूर बाहेर टाकणारा वाल्व अंगातली आग मुख्यतः त्या बैठकीलाच देत असतो. तो आधार सुटला की तो कडेने जळू लागतो. फट वाढली तर टकटक ऐकू येते. मिटली तर काहीच ऐकू येत नाही. २००० साली आपल्याकडे शिशाचे पेट्रोल बंद झाले, तेव्हापासून या जुन्या इंजिनांच्या बैठका अधिक झिजण्याची भीती असते. बैठक झिजली की वाल्व वर सरकतो आणि फट आपोआप मिटत जाते. मागे एका कारागिराने टकटक नको म्हणून सगळ्या फटी आवळून दिल्या. गाडी कशी गोड चालू लागली! चार महिन्यांत एक वाल्व जळाला. तेव्हापासून अण्णा म्हणतात, "कुरकुरणाऱ्याची काळजी नको. गप्प झालेल्याची करा."

हे काम आमच्याकडे दिवाळीच्या सुटीत, सकाळी, इंजिन थंडगार असताना होते. प्लग काढायचे, म्हणजे हँडल हलके फिरते. मग रॉकरवरचे झाकण उतरवायचे. जो वाल्व पुरा उघडलेला दिसेल त्याचा आकडा नवातून वजा करायचा. जो आकडा उरेल, त्या वाल्वची फट मोजायची. फिलरची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. मग पेचकसाने स्क्रू धरून ठेवायचा, नट आवळायचा, आणि पुन्हा मोजायचे. कारण आवळताना फट हटकून बदलते.

पूर्वी हे सारे अण्णा एकटे करीत. आता त्यांचे हात कापतात, म्हणून पाती माझ्या हाती आली आणि हँडल माझ्या मुलाच्या. अण्णा खुर्चीवर बसून वजाबाकी सांगतात. गेल्या वर्षापासून त्यांना नावे आठवत नाहीत. नातवाला ते कधी माझ्या नावाने हाक मारतात, कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या. मात्र हे आकडे पक्के आहेत. मी "एक" म्हटले की "आठ". "तीन" म्हटले की "सहा".

यंदा मी "पाच" म्हटले आणि उत्तर आले नाही. मुलाने हँडल सोडून वर पाहिले. उत्तर त्याच्या ओठांवर होते. मी मानेनेच त्याला नको म्हटले. हातातली पाती तशीच धरून उभा राहिलो. शेजारी कुणीतरी उटणे कालवीत होते, त्याचा वास येत होता. तेवढ्या वेळात पाच-पंचवीस वजाबाक्या झाल्या असत्या.

"चार," अण्णा म्हणाले. आणि मग जरा रागावून, "घाई काय आहे तुम्हांला?"

मला त्यांचे ते रागावणे फार बरे वाटले. चौथ्या वाल्वची फट मोजली. बरोबर बारा होती.