गरम पाण्याकाठची रीतभात

आपल्याकडे बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या जुन्या घरांत न्हाणीतल्या हंड्याचा एक नियम असे. ज्याची आंघोळ झाली त्याने, जेवढे गरम पाणी काढले तेवढे गार पाणी हंड्यात परत ओतायचे, चुलीत एक लाकूड पुढे सारायचे आणि मगच पंचा गुंडाळून बाहेर यायचे. हा नियम कुणी भिंतीवर लिहून ठेवला नव्हता. विसरलात तर आजी आतून ओरडायची, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. 'बिसिनीरू' संपवणारा माणूस घरात सगळ्यांत अप्पलपोटा ठरायचा.

आता हंडे माळ्यावर गेले आणि भिंतीवर गीझर आले. माझी भाची ज्या व्यायामशाळेत जाते तिथे तर 'सॉना' आहे. लाकडी फळ्यांची बंद खोली, आत तापलेले दगड आणि कोरडी ऊब. दारावर सूचनांची पाटी आहे : आधी अंग धुऊन या, बसण्याखाली टॉवेल घ्या, मोठ्याने बोलू नका, मोबाईल आत आणू नका. भाची म्हणाली, "मावशी, नुसतं घाम गाळायला किती गं नियम!" मीही हसले. मला त्या पाटीचा अर्थ कळला तो गेल्या थंडीत, आणि तोही येथून बराच दूर, सातपुड्यात.

माझी सख्खी मावशी सौंसरला असते. निपाणीची मुलगी लग्न होऊन थेट मध्य प्रदेशात गेली, तेव्हा आजोळी सगळ्यांना ती परदेशी गेल्यासारखेच वाटले होते. प्रत्यक्षात ती एका मराठी मुलखातून दुसऱ्या मराठी मुलखात गेली होती. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेने पांढुर्ण्याला उतरावे, तर फलाटावर जितकी हिंदी तितकीच मराठी कानी पडते. नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्याच दिवशी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे सीमा म्हणजे काय हे तिथल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही वर्षी जिवानिशीही गेली आहेत. मावशीला ही ओळख आवडत नाही. "तीनशे चौसष्ट दिवस आम्ही संत्री पिकवतो, कापूस वेचतो, जामसावळीच्या मारुतीला जातो, त्याची नाही होत बातमी," ती म्हणते. जामसावळीचा हा मारुती सौंसरजवळच आहे, आणि तो उभा नाही, निजलेला आहे. त्याच्या नाभीतून झिरपणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात.

मावशीचे कोड

मावशीला गेल्या वीस वर्षांपासून पांढरे कोड आहे. आधी बोटांवर, मग मनगटापर्यंत, मग मानेवर. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे पोलके घालते. मुलताईला तापीचे उगमकुंड आहे, पांढुर्ण्याहून फार लांब नाही. मावशी तिथे दर्शनाला जाते, पण वीस वर्षांत तिने स्नान केलेले नाही. काठावर बसून चार थेंब डोक्यावर शिंपडते आणि उठते.

मी गेले तेव्हा तिनेच विषय काढला. "अनहोनीले जाऊ म्हणते. कातडीसाठी चांगलं असते म्हणतात ते पाणी. तू आहेस तर जाऊ. एकटीनं नाही जाववत."

अनहोनी हे झिरप्याजवळचे गाव, छिंदवाड्याहून पिपरियाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. सौंसरहून निघालो की रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट, मग छिंदवाडा. तिथून पुढे तामिया, जिथून खाली पातालकोटची खोल दरी दिसते. साग आणि मोह दाटत जातात आणि मराठी हळूहळू विरळ होत जाते. आम्ही पहाटे गाडी केली होती. मावशीने दशम्या, मिरचीचा ठेचा आणि डझनभर संत्री बांधून घेतली होती.

तिथले पाणी जमिनीतूनच कढत येते. गंधकाचा वास आधी येतो, मग वाफ दिसते, मग बुडबुडे. पुढे हेच पाणी ओहोळ होऊन वाहत जाते. जवळपास ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसने उष्णता वाढते. खाली तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते आणि वाटेत खडकांतले क्षार व गंधक घेऊन येते. नर्मदा-तापीच्या या पट्ट्यात असे झरे ठिकठिकाणी आहेत. अमरावती आणि बैतुलच्या हद्दीवरचे सालबर्डी, जळगावकडचे उनपदेव ही त्याचीच भावंडे. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे, किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे, आणि आपल्या कर्नाटकात पुत्तूरजवळ बेंद्रु तीर्थ.

"तू आधी हो"

बायकांची बाजू थोडी आडोशाची होती. सात-आठ जणी होत्या. मावशीने शाल काढली, मग बाह्या वर केल्या. दिवसाच्या उजेडात तिचे हात मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. पलीकडच्या एका बाईने आपल्या मुलीला हाताला धरून मागे ओढले. दुसरीने मोठ्यानेच विचारले, "छूत का तो नहीं है ना?"

मला राग आला. पण खरे सांगायचे तर त्याच क्षणी मीही मावशीला म्हणाले, "तू आधी हो, मी मागून येते." हे वाक्य आदराचे वाटते. ते आदराचे नव्हते. मी एम. ए. झालेली, कॉलेजात शिकवणारी बाई. कोड संसर्गजन्य नाही हे मला पक्के ठाऊक होते. तरी पाय मागे राहिला. मावशीने माझ्याकडे पाहिले आणि ओंजळभर पाणी घेऊन परत शाल ओढायला लागली. तिला सवय होती.

तेवढ्यात पाण्याच्या कडेला बसलेली एक म्हातारी सरकली, दगडावर जागा केली आणि म्हणाली, "आओ बाई, बैठो. पहले पाँव पे डालो, एकदम मत उतरना." एवढेच. तिने हातांकडे पाहिले नाही आणि पाहायचे टाळलेही नाही. आपल्या लोट्याने मावशीच्या पायांवर पाणी घातले. मावशी दचकून ओरडली, "अय्यो, भाळ बिसी अदऽ!" पंचेचाळीस वर्षे वऱ्हाडी आणि हिंदी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून चटका बसल्यावर निपाणीचे कन्नड बाहेर पडले. आम्ही दोघी हसलो. मग मी तिच्याशेजारी जाऊन बसले, तिच्याच लोट्याने अंगावर पाणी घेतले, आणि आयुष्यात क्वचितच इतकी लाज वाटली.

परतीच्या वाटेवर भाचीच्या सॉनाची ती पाटी आठवली. तिथल्या प्रत्येक नियमाचा अर्थ एकच होता : ही ऊब आपल्या एकट्याची नाही. फिनलंडमध्ये सॉना घरोघरी असतो, आणि तिथल्या सॉना-संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे सॉनात शिरण्याआधी अंग धुतात, टॉवेल अंथरून बसतात, भांडण-तंटा बाहेर ठेवतात. जपानमध्ये गरम झऱ्याच्या टाकीत उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबणाने अंग घासून स्वच्छ धुतात, केस वर बांधतात, टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत. टाकीतले पाणी शेकण्यासाठी, मळ काढण्यासाठी नव्हे. आपण नेमके उलटे करतो. साबणाची वडी घेऊनच कुंडात उतरतो, तिथेच कपडे धुतो आणि शाम्पूच्या रिकाम्या पुड्या काठावर टाकून घरी येतो.

कुणी उतरावे, कुणी थांबावे

मावशीच्या निमित्ताने मी घरी आल्यावर ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांना भेटले. त्यांच्याकडून समजले ते इथे मांडते, कारण आपल्या घरांतही हे प्रश्न आहेत.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काम करेनाशा होतात. तो कुष्ठरोग नाही आणि स्पर्शाने, पाण्याने, कपड्याने कुणाला लागत नाही. सोरायसिसही लागत नाही. अशा माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याला काहीच आधार नाही. याउलट खरूज स्पर्शाने आणि एकमेकांच्या कपड्यांतूनही पसरते, गजकर्ण टॉवेलातून पसरते. म्हणजे ज्याच्याकडे पाहून आपण मागे सरतो त्याच्यापासून धोका नसतो, आणि ज्याचा पंचा आपण बिनधास्त मागून घेतो त्याच्यापासून असू शकतो. ज्याला खरूज, गजकर्ण किंवा उघडी जखम आहे त्याने बरे होईपर्यंत कुंडात उतरू नये, बादलीत पाणी घेऊन बाजूला आंघोळ करावी. हे त्याने आपणहून करावे, इतरांना सांगायला लावू नये.

गंधकाच्या पाण्याने काहींची खाज काही काळ कमी होते, सांधे मोकळे होतात. कोड मात्र त्याने जात नाही. झऱ्यासाठी औषध बंद करू नये.

मधुमेहींच्या पायांची जाणीव कमी झालेली असते, त्यांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि फोड येतात. त्यांनी पाण्याचा अंदाज दुसऱ्याला घ्यायला सांगावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच जावे. दहा-पंधरा मिनिटे पुरे, मग बाहेर येऊन पाणी प्यावे. दारू पिऊन तर मुळीच उतरू नये, हे सॉनालाही लागू आहे. आणि कोमट गोड्या पाण्यात डोके बुडवून बुडी मारू नये. अशा पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर बहुधा प्राणघातक. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा रुग्णांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

हे झाले शरीराचे. नजरेचा नियम मात्र डॉक्टर सांगत नाहीत. उघड्या अंगाने बसलेल्या माणसाकडे टक लावून पाहू नये. ओल्या कपड्यांतल्या बायका समोर असताना मोबाईल बाहेर काढू नये. कुणाच्या डागाबद्दल, व्रणाबद्दल, शस्त्रक्रियेच्या खुणेबद्दल विचारू नये. आपल्यासोबतचे मूल विचारेल, मुले विचारतातच. त्याला ओढून नेण्याऐवजी तिथेच साध्या शब्दांत उत्तर द्यावे. ओढलेला हात मुलाच्या लक्षात राहतो, आणि ज्याच्यापासून ओढले त्याच्याही.

सौंसरला परत पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. मावशीचे डाग होते तसेच होते, ते जाणार नाहीत हे तिलाही ठाऊक होते. ती म्हणाली, "पाठ मोकळी झाली बाप्पा. पुढच्या खेपेला मुलताईले जाऊ. कुंडात उतरून पाहीन म्हणते." मी विचारले, "आणि बाह्या?" ती संत्र सोलत म्हणाली, "बाह्या घालून कोणी आंघोळ करते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आंघोळ झाली. मावशीच्या न्हाणीत अजून बंब आहे. मी काढले तेवढे पाणी परत भरले, दोन ढलप्या आत सरकवल्या, आणि हाक मारली, "मावशी, पाणी तापतंय गं, ये."