बारा कोसांची हद्द

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु डोंबिवलीतल्या एकाच मेजावर, एकाच पडद्याच्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना ती बदलावी, ही तजवीज त्या म्हणीत नाही. लिनक्सवरील जुने टर्मिनल, म्हणजे नुसत्या मजकुराची खिडकी, सोडून मी कॉन्सोल हे दुसरे टर्मिनल वापरू लागलो, त्यास पंधरवडा झाला. तरी वडिलांच्या टिपणांचा तोच मजकूर आलटूनपालटून दोन्हींत उघडून पाहण्याची ओढ शमत नाही.

जुन्या खिडकीत ‘ठाणे’ धडधाकट उमटे. ‘डोंबिवली’तील वेलांटी मात्र ‘ब’च्या पुढल्या घरात पडून ते ‘डोंबविली’ भासे, आणि ‘कल्याण’मधला ‘ल’ पाय मोडून ‘या’पासून वेगळा उभा राही. संगणक वेलांटी अक्षरामागून साठवतो आणि जोडाक्षर सुटे करून. ते जुळवण्याचे कसब त्या खिडकीस अवगत नव्हते. टर्मिनलचे हे सारे प्रोग्रॅम व्हीटी-100 या 1978 च्या यंत्राचे अनुकरण करीत आले. त्याच्या पडद्यावर 24 ओळी आणि ओळीत 80 घरे, आणि ती 80 ची संख्याही 1928 च्या छिद्रांच्या कार्डापासून चालत आलेली. एका घरात एक अक्षर, हा त्या दप्तराचा दस्तूर.

म्हणीतला कोस दोन मैलांचा धरला, तर 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी 21 मैलांवर, म्हणजे साडेदहा कोसांवर, ठाण्यास थांबली. भाषा बदलण्यापूर्वीच तिचा मुक्काम झाला. पुढल्या वर्षी रूळ कल्याणास पोहोचले, तेव्हा ती हद्द कळवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान कोठेतरी ओलांडली गेली असावी. जलद लोकल त्याच टापूतल्या, 1916 च्या पारसिक बोगद्यातून जात असत, त्या दिवसांत ठाण्याच्या कचेरीतून परतणाऱ्या वडिलांसोबत मी कधी कधी येत असे. डबा अंधारला की त्या घरघराटात सर्वांचे बोलणे थांबे, आणि पलीकडे उजाडताच पुन्हा सुरू होई. ते त्याच भाषेत सुरू होते की नाही, हे कान देऊन ऐकावे असे तेव्हा सुचले नाही, आणि आता वडीलही नाहीत.

‘ठाणे’ला नुसती मात्रा आणि काना, म्हणून ते वाचले, हे कारण मला ठाऊक आहे, तरीही ठाण्यापर्यंत सारे सुरळीत आणि पुढे मोडतोड, हा योगायोग मनातून जात नाही. नव्या खिडकीत अक्षरे सुरेख जुळतात, पण घरांचा हिशेब आणि अक्षरांची रुंदी यांचा मेळ बसत नसल्याने कर्सर शब्दापासून थोडा दूर उभा राहतो. मजकूर कसा साठवला आहे ते जुनी खिडकी दाखवी, तो कसा वाचावा ते नवी दाखवते. वडिलांची टिपणे यांपैकी कोणत्या खिडकीत आहेत, हे मी पूर्वी सांगू शकलो असतो. काल ‘कल्याण’ खोडू लागलो. ‘ण’ गेला, काना गेला, ‘य’ गेला, आणि पाय मोडलेला तो ‘ल’ नव्या खिडकीतही क्षणभर उभा राहिला. मी हात आवरला आणि शब्द पुन्हा लिहून काढला.