आळशी दुपार आणि आईच्या शेवया

पुण्याहून मलाजखंडला जायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे गोंदियापर्यंत बसून राहायचं. पुढे बालाघाट, मग बैहरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना सालाचं जंगल. बालाघाटपासून मलाजखंड सुमारे ९० किलोमीटर. कान्हाचं राष्ट्रीय उद्यान जवळ असलं तरी गावाची ओळख वाघाची नाही, तांब्याची. हिंदुस्तान कॉपरचा प्रकल्प इथे १९८२ साली सुरू झाला. पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेली ती उघडी खाण बघतच आम्ही मोठे झालो.

बाबांची सगळी नोकरी इथेच झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी घरही इथेच बांधलं. "मध्य प्रदेशात मराठी माणसं कशी?" असं पुण्यात मला नेहमी विचारतात. अहो, १९५६ पर्यंत विदर्भ आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर! सीमा नंतर आखली गेली, सोयरीक त्याआधीची.

यंदा ताईच्या बाळंतपणासाठी आई पुण्याला आली आणि बाबा एकटे राहिले. फोनवर रोज एकच उत्तर, "जेवलो रे." मी लॅपटॉप घेऊन आठवडाभरासाठी गेलो, तेव्हा पहिल्याच दुपारी 'जेवण' दिसलं: चहा आणि वाटीभर चिवडा. "एकट्या माणसासाठी कायले कुकर लावायचा?" म्हणाले. बाबांना आता पुण्यालाच घेऊन जायचं, हे मी मनात ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मीटिंग संपली. मलाही कुकर लावायचा कंटाळा आलेला, नूडल्स खावेसे वाटत होते आणि घरात पाकीट नव्हतं. कपाटात आईचा स्टीलचा डबा सापडला. उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया! मनात आलं, हे नूडल्सच तर आहेत. जपानमध्ये मोमोफुकू अँडो यांनी १९५८ मध्ये इन्स्टंट नूडल्स आणले, ते तेलात तळून सुकवलेले. आपल्या आज्या तेच काम गच्चीवर, उन्हात करत होत्या.

दोघांसाठी केलेलं प्रमाण सांगतो. दोन वाट्या न भाजलेल्या शेवया भरपूर उकळत्या पाण्यात चमचाभर तेल घालून टाकायच्या. बारीक शेवया दोन-तीन मिनिटांत होतात. किंचित कच्च्या असतानाच चाळणीत ओतून वर गार पाणी घालायचं. नाही तर लगदा ठरलेला. उकळलेलं पाणी अर्धी वाटी बाजूला ठेवायचं. त्यात तीन चमचे दाण्याचं कूट, एक चमचा जवसाची चटणी, दोन छोटे चमचे सोया सॉस, थोडा गूळ आणि अर्धं लिंबू कालवायचं. कढईत लसूण, कांदा, कोबी, गाजर मोठ्या आचेवर परतून शेवया आणि हे कालवण घालायचं, दोनदा हलवायचं, वरून कोथिंबीर. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव बघूनच. वीस मिनिटांत ताट वाढलेलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"एशियन फ्यूजन."

एक घास खाऊन म्हणाले, "म्हणजे तिखट शेवया." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी मी कॉलवर असताना स्वयंपाकघरातून लसणाचा वास आला. बाबांनी कोबीऐवजी परसातलं वांगं घातलं होतं, शेवया जरा जास्त शिजल्या होत्या. पण एकट्याने, कुणी न सांगता केल्या होत्या. मग मागच्या अंगणात खुर्च्या टाकून आम्ही जेवलो. शेजारचे काका कुंपणापाशी आले, खाणीतल्या जुन्या शिफ्टच्या गप्पा निघाल्या आणि बाबा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. पुण्यातल्या आठव्या मजल्यावर हे कुंपण कुठून आणणार?

पुण्याला चला, हे मी बोललोच नाही. निघताना डब्यात डोकावलो, तर शेवया निम्म्यावर आलेल्या. आईला फोनवर सांगितलं, तर ती आधी रागावली, "अरे, त्या खिरीसाठी होत्या!" मग हळूच विचारलं, "पण जेवतात ना रोज?"

आता रोज दुपारी बाबांचा ताटाचा फोटो येतो. तुमच्याही घरी शेवयांचा डबा असेल आणि गावी कुणी एकटं जेवत असेल, तर एकदा ही आळशी दुपार त्यांच्यासोबत काढून बघा.