झिंगाट आणि आम्ही

आमच्या घरात गाणं म्हणजे भीमसेन. त्यामुळे ओवे गावाला लागून फ्लॅट घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात समोरच्या हळदीला बेंजोवाल्यांनी 'झिंगाट' सुरू केलं, तेव्हा मी खिडकी धाडकन् लावली. रात्री दहापर्यंत ते नऊ वेळा वाजलं. मोजलं कोणी? अर्थात मीच!

२९ एप्रिलला 'सैराट' लागला आणि पुढे शंभर कोटींच्या पलीकडे गेला. दोन वर्षांनी 'धडक'मध्ये हे गाणं हिंदीही बोलू लागलं. अजय-अतुलनी 'सैराट'च्या गाण्यांसाठी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केला होता. ओव्यात पोचेपर्यंत त्याचा एक कीबोर्ड आणि दोन ढोल झाले होते.

तक्रारीचा कागद खिशात घालून मी खाली उतरलो. बेंजोवाल्याला म्हटलं, "दुसरं काही येत नाही का?"

"येतं ना काका. पन ह्याच्याबिगर सुपारी कोन देल?"

तेवढ्यात नवरीच्या बापाने माझा हात धरला. त्याला वाटलं, मी हळदीलाच आलोय.

"कंच्या बिल्डिंगमधलं?"

मी बोट दाखवलं.

"हां. तिथं आमचा भात व्हायचा," एवढंच म्हणून त्याने माझ्या गालाला हळद फासली आणि मला मांडवात ओढलं. दहाव्यांदा झिंगाट सुरू झालं. कागद खिशातच राहिला.

वर आलो तर ही खिडकीत उभी.

"नाचत होता होय? मला वाटलं, रिक्षा थांबवताय!"